अर्जाची तारीख

कागद गिरणीत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे कॅलेंडर म्हणत. वर्षातून एकदा गिरणी बावीस दिवस बंद ठेवून यंत्रांची दुरुस्ती व्हायची आणि त्या बावीस दिवसांचं नियोजन गेली एकोणीस वर्षं त्याच्याकडे होतं. त्याची पद्धत एकच. यंत्र ज्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचं ती तारीख आधी भिंतीवर लिहायची आणि तिथून मागं मागं यायचं. चाचणी कधी, त्याआधी जोडणी कधी, त्याआधी सुटे भाग कधी येणार, त्याआधी मागणी कधी नोंदवायची. शेवटची तारीख पक्की असली की बाकीच्या आपोआप रांगेत उभ्या राहतात, असं तो म्हणे. "ह्यानं नोकरीचा अर्जसुद्धा निवृत्तीच्या दिवसापासून मागं मोजून टाकला असणार," असं फिटर लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा नाही, पण रागवायचाही नाही.

त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी बसल्या. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, रोज चार तास, ती डायलिसिसच्या खुर्चीत असे. उरलेल्या दिवसांपैकी दोन ती शाळेत भूगोल शिकवी. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असं किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही, पण किडनी मिळाली तर गोष्ट वेगळी. कॅलेंडरची स्वतःची जुळली नाही. तिच्या धाकट्या भावाची जुळली.

या भावाला घरात चिमण म्हणत. सहा फूट उंच, अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. धंदा काच बसवण्याचा. माणसाच्या उंचीची काच तो एकटा उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायचा. बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. त्याला अक्षरं तिनं शिकवली होती, पोहायलाही तिनंच. किडनी जुळते असा अहवाल आला त्या दिवशी तो म्हणाला, "चला, जुळलं एकदाचं," आणि घरी गेला. त्याला पाच महिने झाले. पुढं तो काही म्हणाला नव्हता आणि त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं.

ऑपरेशन व्हायचं ते आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात. दहा दिवस रुग्णालयात, त्यानंतर सहा आठवडे रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं, असा तिथला नियम. समोरच एक हॉटेल होतं, मोठ्या साखळीतलं, खोलीतच छोटीशी ओट्याची सोय असलेलं. बेचाळीस रात्री. कॅलेंडरनं दर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्या हॉटेल साखळीच्या क्रेडिट कार्डाची माहिती काढायला बसला.

हे कार्ड घेतलं आणि मंजुरीपासून तीन महिन्यांत त्यावर ठरावीक खर्च केला, की स्वागताचे पॉइंट मिळत. त्या पॉइंटांवर एरवी बारा रात्री फुकट मिळायच्या. वर्षातून एक-दोनदा बँक तोच आकडा वाढवायची, आणि त्या महिन्यात त्याच कार्डावर वीस रात्री निघायच्या. स्वागताचे पॉइंट एका माणसाला आयुष्यात एकदाच. म्हणजे अर्ज कधी करायचा हाच सगळा प्रश्न होता. सध्या वाढीव आकडा चालू होता आणि महिनाअखेरीस तो संपणार होता. तीन महिन्यांत एवढा खर्च त्यांच्या घरात होण्यासारखा नव्हता. होणार होता तो एकाच ठिकाणी: ऑपरेशनसाठी दाखल होताना रुग्णालयात भरायच्या अनामत रकमेत.

एका संध्याकाळी त्यानं वही बायकोपुढं ठेवली. तिचं त्या दिवशी डायलिसिस झालेलं होतं. हातावरची पट्टी अजून काढली नव्हती.

"या महिन्यात अर्ज केला तर वीस रात्री," तो म्हणाला. "पण मग ऑपरेशन बारा आठवड्यांत व्हायला हवं. तसं होणार नसेल तर आत्ता थांबायचं आणि आकडा पुन्हा वाढेल त्याची वाट पाहायची. तो वाढेल की नाही, कधी वाढेल, कोण सांगणार?"

"चिमणला विचारलंत?"

"तो नाही म्हणालाय का?"

"हो तरी कधी म्हणाला?"

"अगं, तपासण्या काय हौस म्हणून केल्या त्यानं? सतरा वेळा सुया टोचून घेतल्या."

ती पट्टीचा कोपरा नखानं सोडवत राहिली. "मी नाही विचारणार त्याला," ती म्हणाली. "मी विचारलं तर तो हो म्हणेल. मला तसं नकोय."

"मग मी विचारतो."

"काय विचारणार?"

"अर्जाचं," तो म्हणाला. "तारखेचं आपोआप निघेल त्यातून."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

त्यानं फोन लावला तेव्हा चिमण कामावर होता. मागं काच कापायच्या चाकाची करकर ऐकू येत होती. नव्या इमारतीच्या खिडक्यांचं मोठं काम त्याच्या हातात होतं, तीनशे चाळीस काचा.

"बोला भावोजी. ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुला एक विचारायचं होतं. त्या हॉटेलच्या कार्डाचं. या महिन्यात अर्ज करू की पुढं ढकलू?"

"कुठल्या कार्डाचं?"

त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. वीस रात्री, बारा रात्री, तीन महिने, अनामत रक्कम. चिमण मधेमधे हूं हूं करत होता. एकदा त्यानं कोणाला तरी ओरडून काच भिंतीपासून दूर धरायला सांगितली.

"म्हणजे आत्ता अर्ज केला तर तीन महिन्यांच्या आत सगळं पार पडायला हवं," कॅलेंडर म्हणाला. "म्हणून म्हटलं तुला विचारावं."

थोडा वेळ नुसती करकर.

"त्यातलं मला काय कळतंय, भावोजी?" चिमण म्हणाला. "कार्डबिर्ड आमच्याकडे नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"करू ना मग?"

"करा की."

फोन ठेवल्यावर कॅलेंडरनं बायकोला सांगितलं, "करा म्हणाला."

"कशाला?"

"अर्जाला."

"हं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यानं अर्ज भरला. चार मिनिटांत मंजूर झाला. नव्वद दिवस त्याच मिनिटापासून सुरू झाले. आता शेवटची तारीख लिहायला हवी होती. त्या रुग्णालयात ही ऑपरेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी होत, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वहीत अकराव्या आठवड्यातला मंगळवार धरला. शिसपेन्सिलीनं लिहिला, पण लिहिला. तिथून मागं येत अनामत रकमेचा दिवस, शेवटच्या तपासण्यांचा दिवस, शाळेच्या रजेचा अर्ज, सगळं रांगेत लागलं. मग त्यानं हॉटेलची खोली धरून ठेवली. हवी तेव्हा रद्द करता येत होती, त्यामुळं त्यात काही बिघडत नव्हतं. फॉर्ममध्ये दुसऱ्या पाहुण्याचं नाव आणि फोन नंबर विचारला होता. पहिले दोन आठवडे किडनी देणाऱ्यालाही तिथंच राहावं लागणार होतं. फॉर्ममधला एकही चौकोन रिकामा सोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं चिमणचं नाव आणि नंबर भरला.

रविवारी सकाळी साडेनऊला चिमण दारात उभा राहिला. कामाच्याच कपड्यांत होता. बूट काढले, पण बसला नाही. खिशातून फोन काढून त्यानं तो टेबलावर कॅलेंडरसमोर ठेवला.

हॉटेलचा संदेश होता. आपल्या येण्याची आम्ही आतुरतेनं वाट पाहत आहोत. खाली चिमणचं नाव, पाहुणे क्रमांक दोन, आणि तारीख.

"भावोजी," तो म्हणाला, "माझ्या ऑपरेशनची तारीख मला हॉटेलनं कळवली."

"अरे, ती पक्की नाही. नुसती धरलीय. रद्द करता येते."

"कोण रद्द करणार? मी की हॉटेल?"

"तू करा म्हणालास म्हणून..."

"मी कार्डाचं म्हणालो!" आवाज चढला तसा त्यानं तो लगेच खाली घेतला. बहीण आतून आली होती. "ताई, तुला माहीत होतं हे?"

"नाही," ती म्हणाली. तिनं फोन उचलला, वाचला, खाली ठेवला. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "शाळेत मुलं नकाशावर नदी काढतात. कुठून येते ते माहीत नसलं की समुद्रापासून उलटी रेघ मारत सुटतात. तसं केलंत तुम्ही."



"बस, चिमण," ती म्हणाली. तो बसला. ती त्याच्यासमोर बसली. "पाच महिन्यांपूर्वीच तुला समोर बसवून विचारायला हवं होतं. मी घाबरले. आता विचारते. तुला द्यायचीय का?"

चिमणनं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. बोटांवर बारीक बारीक जुने कापल्याचे पांढरे व्रण होते. त्या दोघांनीही त्याला मधे बोलून मोकळं केलं नाही.

"मला माहीत नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "देईन असं मी रोज सकाळी ठरवतो. दुपारपर्यंत टिकतं."

"बरं," ती म्हणाली. "मग तुझं ठरेपर्यंत तारीख नाही. आणि ऐक. तिथल्या समन्वयक बाई देणाऱ्याला एकट्याला खोलीत बोलावतात. तिथं नाही म्हटलं तर त्या घरच्यांना इतकंच कळवतात की वैद्यकीय कारणानं जमत नाही. खरं कारण कोणालाच सांगत नाहीत. अगदी मलासुद्धा. तो दरवाजा तुझ्यासाठीच ठेवलेला आहे."

"तुला कळेलच ना पण."

"माझं मी बघीन."

तो गेल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ती खोली आत्ता रद्द करा. माझ्यासमोर." त्यानं ती रद्द केली. वहीतला मंगळवार खोडून टाकला. कार्डाचे नव्वद दिवस मात्र त्याच्या हातात नव्हते. ते चालूच राहिले.

पाच आठवड्यांनी रुग्णालयाचं पत्र आलं. चार ओळींचं होतं. संभाव्य दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य आढळला नाही. रुग्णाचं नाव प्रतीक्षायादीत नोंदवलं आहे. किडनी उपलब्ध झाल्यास फोन येईल आणि सहा तासांत निघावं लागेल. फोन कधी येईल हे सांगता येत नाही.

नातेवाइकांचे फोन आले. बिचारा चिमण, एवढी तयारी दाखवली आणि नशीब आडवं आलं. कॅलेंडरही त्यांना हो हो म्हणत राहिला. अमुक रक्तदाब, तमुक नलिका, असं काहीसं त्यानं मनाशी जुळवूनही टाकलं. बायको त्या फोनांवर गप्प असे. ती दमली असेल, असं त्यानं धरलं. रात्री जेवताना तो एकदा म्हणाला, "कधीकधी अहवाल चुकतात. वर्षभरानं पुन्हा तपासायला काय हरकत आहे?" ती ताटातलं बाजूला सारून उठली.

पुढच्या आठवड्यात दुपारी गिरणीच्या फाटकावरून निरोप आला की भेटायला कोणी आलंय. बाहेर चिमणची गाडी उभी होती. मागच्या लाकडी चौकटीला तीन काचा टेकवून बांधलेल्या. चिमण गाडीला पाठ लावून उभा होता.

"आत येतोस? चहा घे."

"नको. इथंच बोलतो." त्यानं आजूबाजूला पाहिलं. ट्रक भरणारे लांब होते. "भावोजी, त्या पत्रातलं खरं नाही. मी नाही म्हटलं."

कॅलेंडरच्या हातात कामाचा कागद होता. त्यानं त्याची नीट घडी केली, मग आणखी एक घडी केली.

"ताईला ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांगू नकोस, झेपणार नाही त्यांना."

"मग का सांगतोयस?"

"तुम्ही वर्षानं पुन्हा तपासायचं म्हणताय असं ती म्हणाली. तुम्ही पुन्हा माझी तारीख धरून बसाल. तिला ते रोज ऐकावं लागेल."

ट्रक मागं येत होता. दोघांना दोन पावलं सरकावं लागलं.

"डॉक्टर म्हणाले, भ्यायचं कारण नाही," चिमण म्हणाला. "शंभरातल्या नव्याण्णवांचं काही होत नाही. मी रोज काच कापतो, भावोजी. शंभरातली एक जाते. तिच्यात दोष नसतो काही. सगळं मापात असतं, हात तोच, चाक तेच, आणि ती जाते. हे मला ठाऊक नसतं तर मी दिली असती."

कॅलेंडरला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हे त्यानं पुढं बायकोपाशी कबूल केलं. तिच्या खुर्चीचे चार तास, तिच्या हाताची फुगलेली शीर, आणि समोर हा सहा फुटी धडधाकट माणूस. दुसरीही एक गोष्ट त्याला त्याच क्षणी दिसली, आणि तीही त्यानं कबूल केली: या माणसाला आपण सहा महिन्यांत एकही सरळ प्रश्न विचारला नाही. विचारलं ते कार्डाबद्दल.

"मी तुला नीट विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"विचारलं असतंत तर खोटं हो म्हणालो असतो," चिमण म्हणाला. "बरंच झालं, नाही विचारलंत ते."

मग चिमणनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. काचेच्या गोदामाचं दरपत्रक होतं. इमारतीच्या उरलेल्या दोनशे दहा काचा, खालच्या ओळीत एकूण रक्कम.

"हे मला पुढच्या महिन्यात भरायचंय. रोख आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "ताई म्हणाली, तुमच्या कार्डावर खर्च झाला नाही तर त्या वीस रात्री जातात. आणि पुन्हा मिळत नाहीत. मी पैसे तुमच्याकडे आणून देतो, तुम्ही गोदामाला कार्डानं भरा. फोन आला की राहायला तर लागेलच तुम्हाला तिथं."

कॅलेंडरनं कागद घेतला नाही. "हे तू किडनीच्या बदल्यात आणलंयस का?"

"नाही," चिमण म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला. "बदल्यात कसं होईल? तुम्ही पण ना, भावोजी. माझ्याकडे हेच होतं, म्हणून आणलं."

"विचार करतो," कॅलेंडर म्हणाला आणि फाटकातून आत गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दोन दिवस तो घरी या विषयावर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो तिला आणायला डायलिसिसच्या केंद्रात गेला. यंत्राची अजून वीस मिनिटं बाकी होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला.

"चिमण आला होता गिरणीत," तो म्हणाला.

"माहितीय."

"त्यानं सांगितलं मला."

ती यंत्राच्या नळीकडे पाहत होती. तिच्या रक्ताचा गडद पट्टा चाकावरून फिरत होता. "आणि?"

"तुला राग नाही आला त्याचा?"

"आला ना. तीन दिवस आला. अजूनही मधेच येतो," ती म्हणाली. "पण तो येऊन बसला होता माझ्यासमोर. त्या बाईच्या दारामागं लपला असता, तर मला आयुष्यभर त्याच्याकडे संशयानं बघावं लागलं असतं. तेवढं तरी वाचलं."

"काचांचं काय करू? त्याचे पैसे हातात घ्यायला नको वाटतात."

"मला विचारताय?"

"तुलाच विचारतोय. आपण तिथं कधी राहणार ते मला माहीत नाही. राहणार की नाही तेही. शेवटची तारीखच नाही कुठं. मला अशानं काम करता येत नाही."

त्याचा आवाज जरा हलला. पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मान दुसरीकडे फिरवली.

तिनं मोकळा हात त्याच्या मनगटावर ठेवला. तो थंड होता, डायलिसिसच्या वेळी नेहमीच असे. "तारीख नसली म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "तारीख असती तर तुम्ही त्या दिवसापर्यंत सगळं पुढं ढकलत राहिला असता. फोन उद्या आला तर? जे हाताशी करता येण्यासारखं आहे ते आजच करून ठेवायचं. दुसरं काही नाही त्यात. आणि त्याला घरी येता आलं पाहिजे, अहो. आता कुठल्या तोंडानं येईल तो? काचेचं बिल घेऊन तरी येईल."

यंत्रानं शीळ वाजवली. परिचारिका आली आणि एकेक सुई काढू लागली. कॅलेंडर उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेला. तिथं भिंतीला टेकून त्यानं मंजुरीपासूनचे दिवस बोटांवर पुन्हा मोजले. एकतीस दिवस उरले होते. त्यानं चिमणला फोन लावला.

"भावोजी?"

"गोदामाला सांग, कार्ड चालत असेल तर परवा येतो. तू बरोबर ये. मला काचेतलं काही कळत नाही."

पलीकडे चाक बंद होतं.

"येतो," चिमण म्हणाला. "किती वाजता?"

"दहाला."

"आणि पैसे?"

"ते रविवारी घरी आण. जेवायलाच ये," कॅलेंडर म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "येशील ना?"

"येईन."

"नक्की?"

"नक्की, भावोजी," चिमण म्हणाला. या खेपेला त्याच्या बोलण्यात 'करा की' असलं काही नव्हतं.

आत परिचारिका हाताला पट्टी बांधत होती. तिचं बांधून झालं, तसा तो बायकोला उठवायला आत गेला.